विदूषकाच्या चेहऱ्याने पाहिलेला इतिहास

ऐतिहासिक कादंबरी आणि ऐतिहासिक नाटक यांची चर्चा करताना आपल्याकडील समीक्षा एका प्रश्नापाशी वारंवार येऊन थांबते. लेखकाने इतिहासाशी इमान राखले की नाही, हा तो प्रश्न होय. कोणत्या साली कोण जिवंत होते, कोणता सरदार कोणत्या लढाईला हजर होता, ज्याच्या तोंडी अमुक उद्गार घातले तो त्या प्रसंगी दरबारात होता काय, अशा चौकशीत पुष्कळ शाई खर्ची पडते. या चौकशीचे मोल मी नाकारीत नाही. कागदपत्रांची शिस्त ज्या भाषेत मोठ्या कष्टाने रुजली, त्या भाषेत तिची टिंगल करणे कोणालाही शोभणार नाही. परंतु ही चौकशी संपल्यावर कलाकृतीचा विचार संपला असे मानण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्याविषयी काही लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यासाठी मी उदाहरण घेत आहे ते साहित्यातले नाही आणि भारतातलेही नाही. ते आहे एकोणिसाव्या शतकातील पोलिश चित्रकार यान मातेयको याचे. साहित्याच्या अभ्यासकाने चित्रकाराकडे का वळावे, या शंकेचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

मातेयकोचा जन्म २४ जून १८३८ रोजी क्राकूव येथे झाला आणि १ नोव्हेंबर १८९३ रोजी त्याच शहरात तो निवर्तला. या पंचावन्न वर्षांत पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य जगाच्या नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते राज्य आपसांत वाटून घेतले होते. क्राकूवला काही काळ मुक्त नगराचा दर्जा होता, तोही १८४६ साली ऑस्ट्रियाने संपुष्टात आणला. १८४८ साली ऑस्ट्रियन तोफांनी या शहरावर मारा केला तेव्हा मातेयको नऊ वर्षांचा होता. त्याचे दोन वडील भाऊ हंगेरीच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील झाले, आणि त्यांतील एक तेथेच कामी आला. १८६३ साली रशियाविरुद्ध उठाव झाला. त्या वेळी प्रकृती नाजूक असल्यामुळे मातेयकोने हाती शस्त्र घेतले नाही, मात्र पैसा दिला आणि शस्त्रे पोचविण्याच्या कामी साहाय्य केले. उठाव चिरडला गेला. त्यानंतरची त्याची तीस वर्षे चित्रफलकासमोर गेली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पोलिश राष्ट्रभावनेचा हा सर्वांत मोठा चित्रकार रक्ताने निखळ पोलिश नव्हता. वडील चेक, संगीताचे शिक्षक, उपजीविकेसाठी या प्रदेशात आलेले. आई अर्धी जर्मन. राष्ट्र ही वारशाने आपोआप हाती येणारी वस्तू नसून ती निवडावी लागते आणि निवडल्यावर तिचा हिशेबही द्यावा लागतो, हे या माणसाला आपल्या घरातच शिकायला मिळाले असावे. आपल्या राष्ट्राविषयी तो पुढे ज्या कठोरपणे बोलला, त्याचे मूळ या निवडीत असावे असे मला वाटते.

त्याची तयारी कशा प्रकारची होती हे आधी पाहिले पाहिजे. क्राकूवच्या कलाशाळेत आणि नंतर अल्पकाळ म्यूनिक व व्हिएन्ना येथे त्याचे शिक्षण झाले. पण त्याची खरी शाळा होती ती क्राकूवची देवळे, थडगी, जुनी वस्त्रे आणि जुनी हत्यारे. १८६० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने १२०० ते १७९५ या काळातील पोलिश पोशाखांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. जुन्या वास्तू, नाणी, मुद्रा, कबरींवरील आकृती, खोगिरे, चिलखते यांची रेखाटने तो आयुष्यभर जमवीत राहिला, आणि त्या संचाला त्याने ‘छोटा खजिना’ अशा अर्थाचे नाव दिले होते. १८६९ साली वावेलच्या कॅथीड्रलमधील डागडुजीच्या वेळी चौदाव्या शतकातील राजा कॅझिमीर याची कबर अकल्पितपणे उघडली गेली. तेव्हा आतील अवशेषांचे, मुकुटाचे आणि राजदंडाचे रेखाटन करण्यासाठी मातेयको तेथे हजर होता. अवशेष पुन्हा सन्मानाने पुरण्यात आले, परंतु तो कवटीचा आकार त्याच्या कागदावर राहिला. पुढे १८९० ते १८९२ या काळात पोलिश राजे व राजपुत्र यांची ४४ व्यक्तिचित्रे त्याने पेन्सिलीने काढली, त्यांत कॅझिमीरही आहे.

असा हा मनुष्य. याला साल ठाऊक नव्हते, पोशाख ठाऊक नव्हता, कोण केव्हा मेला हे ठाऊक नव्हते, असे कोणीही म्हणू शकणार नाही. आता त्याची चित्रे पाहू.

१८६२ साली, चोविसाव्या वर्षी, त्याने ‘स्तान्चिक’ हे चित्र काढले. स्तान्चिक हा सोळाव्या शतकातील पोलिश दरबारातला विदूषक. चित्रात बाजूच्या दालनात राणी बोनाच्या दरबारचा नाच रंगला आहे. अलीकडच्या अंधाऱ्या खोलीत लाल पोशाखातला स्तान्चिक खुर्चीत खिन्नपणे बसला आहे. त्याची विदूषकाची काठी जमिनीवर पडली आहे, खिडकीतून आकाशातला धूमकेतू दिसतो आहे, आणि मेजावर एक पत्र आहे. स्मोलेन्स्क हातचे गेले, ही त्या पत्रातली वार्ता. सगळ्या दरबारात ती वार्ता ज्याच्या मनाला लागली असा माणूस एकच, आणि तो विदूषक.

स्मोलेन्स्क पडले १५१४ साली. इटलीची राजकन्या बोना हिचा पोलंडच्या राजाशी विवाह झाला १५१८ साली. म्हणजे ज्या नाचाच्या रात्री ही वार्ता आली असे चित्र सांगते, त्या नाचाची यजमानीण तेव्हा पोलंडमध्ये आलेलीच नव्हती. पोशाखांचा कोश रचणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक अनवधानाने झाली, असे मानणे कठीण आहे.

१८६४ सालच्या ‘स्कार्गाचे प्रवचन’ या चित्रातही असेच आहे. जेझुइट धर्मोपदेशक स्कार्गा राजा तिसरा सिगिस्मुंड आणि सरदार यांच्यासमोर हात उंचावून राष्ट्राच्या विनाशाचे भाकीत करीत आहे. स्कार्गाची संसद-प्रवचने १५९७ साली छापली गेली. ज्या रूपात ती छापली गेली त्या रूपात ती संसदेत कधी दिली गेली नव्हती, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जे प्रवचन घडलेच नाही, त्याला मातेयकोने श्रोते मिळवून दिले. आणि ते श्रोते असे निवडले की, ज्यांच्या भांडणांनी, महत्त्वाकांक्षांनी आणि बेपर्वाईने पुढे राज्य बुडाले, ती सर्व माणसे एका छताखाली येऊन आपली कुंडली ऐकत आहेत.

१८६६ सालच्या ‘रेयतान’ या चित्राने तर वादळ उठवले. १७७३ साली वॉर्सा येथील संसदेत पहिल्या फाळणीला मान्यता दिली जाऊ नये म्हणून तादेऊश रेयतान नावाचा प्रतिनिधी दारात आडवा पडला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. मातेयकोने तो रंगविला. मात्र समोर उभी असलेली माणसे कोण? दाराकडे बोट दाखवणारा पोनिन्स्की आणि त्याच्याबरोबरचे पोलिश सरदार. भिंतीवर रशियाच्या सम्राज्ञीचे चित्र, वरच्या सज्जात रशियाचा राजदूत रेपनिन, जो त्याआधीच, १७६९ साली, परत बोलावला गेला होता. त्या दिवशी जो नव्हता तो चित्रात आहे, कारण विनाशाच्या कथेत तो होता. चित्र पाहून अनेक पोलिश वाचक-लेखक दुखावले. कादंबरीकार क्राशेव्स्कीने त्यावर कडक टीका केली. राष्ट्र मृत्युशय्येवर असताना त्याची लाज चव्हाट्यावर मांडणे हे कसले देशप्रेम, असा या रोषाचा सूर होता. आणि चित्र गेले कोठे? १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स योझेफ याने ते विकत घेतले. फाळणीचे चित्र फाळणी करणाऱ्यांपैकी एकाच्या वंशजाच्या संग्रहात गेले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९२० साली ते परत मिळवण्यात आले.

टीकेला मातेयकोने दिलेले उत्तर लेखी नव्हते. १८६७ साली त्याने एक लहानसे चित्र काढले, ‘मातेयकोवरील निकाल’. क्राकूवच्या बाजारचौकात शिक्षेच्या खांबाशी बांधलेला गुन्हेगार उभा आहे आणि त्याच्यापुढे निकाल वाचला जात आहे. गुन्हेगाराचा चेहरा मातेयकोचा.

येथे माझ्या मुख्य मुद्द्याकडे यावयाचे आहे. ‘स्तान्चिक’मधील विदूषकाचा चेहराही मातेयकोचाच होता. वीस वर्षांनी, १८८२ साली, त्याने ‘प्रशियाचे मांडलिकत्व’ हे प्रचंड चित्र पुरे केले. १० एप्रिल १५२५ रोजी क्राकूवच्या चौकात प्रशियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पोलंडच्या राजासमोर गुडघे टेकून शपथ घेत आहे, हा पोलिश वैभवाचा परमोच्च क्षण. बिस्मार्कच्या राज्यात पोलिश भाषा आणि पोलिश चर्च यांच्यावर बडगा चालत असतानाच्या त्या दशकात हे चित्र म्हणजे उघड आव्हान होते. मातेयकोने ते विकले नाही. राष्ट्राला देऊन टाकले, वावेलच्या किल्ल्यासाठी, जो त्या काळी ऑस्ट्रियन सैन्याची बराक होता. पण त्या विजयोत्सवाच्या मध्यात पायऱ्यांवर पुन्हा स्तान्चिक बसला आहे, आणि पुन्हा त्याच खिन्न, चित्रकाराच्या चेहऱ्याने. गुडघे टेकलेला हा माणूस आणि त्याचे वारस उद्या काय होणार आहेत, हे त्या सोहळ्यात फक्त त्यालाच दिसते आहे.

इतिहासचित्रकाराने आपला चेहरा चित्रात घालावा यात नवल नाही, युरोपात ती जुनी चाल आहे. पण तो कोणाला द्यावा, यात त्याची भूमिका कळते. विजयी राजाला, शूर सेनापतीला किंवा शहीदाला आपला चेहरा देणे त्याला अशक्य नव्हते. त्याने तो दिला विदूषकाला आणि चौकातल्या गुन्हेगाराला. आपल्या संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा सखा असतो, पोटाची आणि प्रेमाची काळजी वाहतो, आणि राज्य बुडण्याची चिंता त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. मातेयकोचा विदूषक निराळा आहे. ज्याच्या बोलण्यावर सगळे हसतात आणि म्हणून ज्याचे कोणी ऐकत नाही, असा तो जाणता आहे. इतिहासाचे चित्र काढणारा माणूस त्या इतिहासाचा भागीदार आहे, त्याच्या लाजेचाही वाटेकरी आहे, आणि तरीही त्याच्या हाती सत्ता नाही. ही त्याची स्वतःविषयीची समज त्या एका चेहऱ्यात उतरली आहे.

म्हणून त्याच्या कालविपर्यासांकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. १५१४ ची वार्ता आणि १५१८ नंतरचा नाच त्याने शेजारी ठेवले, कारण त्याला एक रात्र दाखवायची नव्हती. ज्या राजवटीत सीमेवरची हानी आणि राजधानीतला नाच एकाच वेळी चालू शकतात, त्या राजवटीचा स्वभाव दाखवायचा होता. कोणी विचारील, मग कल्पित आणि खोटे यांत भेद काय उरला? भेद हा की, मातेयकोचा फेरफार त्याच्या राष्ट्राला स्वस्तात सुटू देत नाही. रेपनिन सज्जात आहे, पण दारात पडलेल्या रेयतानला पायदळी तुडवायला निघालेली माणसे पोलिश आहेत. परक्याला चित्राच्या मध्यभागी बसवून सारा दोष त्याच्या माथी मारणे अधिक लोकप्रिय झाले असते. इतिहासातील फेरफार लेखकाला कोणाच्या बाजूने झुकवतो, आपल्या समाजाला तो सुख देतो की प्रश्न विचारतो, हे पाहिल्याशिवाय त्या फेरफाराचा न्याय करता येत नाही. मला वाटते, ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेतही प्रथम विचारण्याचा प्रश्न हाच असावा.

मात्र मातेयकोला निर्दोष ठरवण्याचा माझा उद्देश नाही. त्याच्या उत्तरायुष्यातील चित्रांत आरोपाचा स्वर मंदावतो आणि धीर देण्याचा स्वर वाढतो. १८७८ साली पूर्ण झालेले ‘ग्रुनवाल्डची लढाई’ हे चित्र ४२६ सेंटिमीटर उंच आणि ९८७ सेंटिमीटर रुंद आहे. १५ जुलै १४१० रोजी पोलिश आणि लिथुआनियन सैन्याने ट्यूटॉनिक सरदारसंघाचा पराभव केला, तो हा रणसंग्राम. मध्यभागी लाल वस्त्रांतला, शिरस्त्राण नसलेला लिथुआनियाचा विताउतास तलवार उंचावून आहे, डावीकडे पांढऱ्या झग्यातला सरदारसंघाचा प्रमुख अखेरचा श्वास घेत आहे, आणि पोलंडचा राजा पार मागे, कोपऱ्यात. माणसे, घोडी, भाले यांची अशी दाटी आहे की डोळ्याला विसावा मिळत नाही. ही दाटी हा त्याच्या शैलीचा गुण की दोष, यावर त्याच्या हयातीतच मोठा वाद झाला. स्तानिस्वाव वित्क्येविच या समीक्षकाने असे प्रतिपादन केले की, चित्राचे मोल विषयाच्या थोरवीत नसून रंग, प्रकाश आणि आकार यांच्या सिद्धीत असते. राष्ट्रीय विषय निवडल्याने कोणी चित्रकार होत नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि जेथे साहित्याची थोरवी विषयाच्या थोरवीवरून ठरवण्याची खोड आहे अशा प्रत्येक भाषेत ते ऐकवण्याजोगे आहे. तथापि मातेयकोच्या बाबतीत ते पुरेसे नाही. ज्या समाजाला संसद नाही, सैन्य नाही, शाळेत आपला इतिहास शिकवण्याची मुभा नाही, तेथे चित्र हे केवळ चित्र राहू शकत नाही. रंगरेषांचा न्याय आवश्यक आहे, पण तेवढ्याने या चित्रांनी काय केले हे उमगणार नाही.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. १५६९ च्या लुब्लिन येथील ऐक्यकरारावर मातेयकोने १८६९ साली, करारास तीनशे वर्षे झाली तेव्हा, भव्य चित्र काढले. पोलिश डोळ्यांना तो दोन राष्ट्रांच्या स्वेच्छेच्या मीलनाचा क्षण. लिथुआनियन आणि युक्रेनी स्मृती त्या कराराकडे त्याच डोळ्यांनी पाहत नाही. स्वतः पारतंत्र्यात असलेला समाज आपल्या जुन्या साम्राज्याची आठवण किती निरागसपणे काढू शकतो, याचे हे उदाहरण आहे. तरी त्या चित्रातही एक कोपरा बेचैन करतो. विचारवंत मोदझेव्स्की एका शेतकऱ्याला हाताशी धरून त्या सरदारांच्या मेळाव्यात आणीत आहे. हे ऐक्य कोणाकोणाचे, हा प्रश्न चित्रकाराने निदान एका आकृतीपुरता तरी विचारला.

आता साहित्याकडे. मातेयको १८७३ पासून मृत्यूपर्यंत क्राकूवच्या कलाशाळेचा प्रमुख होता. १८८९ ते १८९१ या काळात सेंट मेरी चर्चच्या भिंतींवर त्याने रंगकाम केले, तेव्हा मदतीला असलेल्या विद्यार्थ्यांत स्तानिस्वाव विस्प्यान्स्की होता. हाच विस्प्यान्स्की पुढे पोलिश रंगभूमीचा श्रेष्ठ नाटककार झाला. त्याचे ‘लग्न’ हे नाटक १६ मार्च १९०१ रोजी रंगमंचावर आले. क्राकूवजवळच्या खेड्यात एका सुशिक्षित कवीचे एका शेतकरी मुलीशी लग्न लागले आहे, घरात रात्रभर नाच चालू आहे, आणि मध्यरात्री इतिहासातली भुते पाहुण्यांना भेटू लागतात. वृत्तपत्रकारापुढे उभा राहतो तो स्तान्चिक. यजमानापुढे येतो तो वेर्निहोरा, दंतकथेतला भविष्यवेत्ता गायक, ज्याचे चित्र मातेयकोने १८८४ साली पूर्ण केले होते. नाटकाच्या रंगसूचनेनुसार त्या घराच्या भिंतीवर मातेयकोच्याच चित्रांच्या प्रती टांगलेल्या आहेत. शिष्याने गुरूची चित्रे भिंतीवरून उतरवली आणि त्यांना चालायला लावले.

आणि ती चालू लागल्यावर काय होते? वेर्निहोरा उठावाची खूण म्हणून सोन्याचे शिंग देतो. ज्याच्या हाती ते सोपवले जाते तो शेतकरी तरुण ते हरवून बसतो. शेवटी सगळे पाहुणे, शहरी आणि खेडवळ, गवताच्या बाहुल्याच्या वाद्यावर भारल्यासारखे गोल गोल नाचत राहतात. विस्प्यान्स्कीचा प्रश्न गुरूलाच होता. आपण भिंतीवर लावलेला इतिहास आपल्याला जागे करतो की गुंगीत ठेवतो? ज्या स्तान्चिकने नाचाकडे पाठ फिरवली होती, त्याच्या चित्राखाली बसून आपण पुन्हा नाचत आहोत काय? एका कलावंताने दुसऱ्या कलावंताची इतकी कठोर आणि इतकी प्रेमळ समीक्षा केल्याची उदाहरणे थोडी आढळतात. येथे चित्राच्या अभ्यासाशिवाय नाटक समजत नाही आणि नाटकाशिवाय चित्राची पुढची कथा समजत नाही. शेंक्येविचची ट्यूटॉनिक सरदारांवरील कादंबरी १९०० साली ग्रंथरूपाने आली, मातेयकोच्या ग्रुनवाल्डनंतर बावीस वर्षांनी; तिच्या पहिल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ती लढाई आधीपासून रंगवलेली होती. इतिहासविषयक कल्पना ग्रंथातून चित्रात जाते असे आपण गृहीत धरतो. उलट दिशेची वाहतूकही तितकीच खरी आहे.

या कथेत नियतीने आपला एक कालविपर्यास घातला आहे. १८९२ साली क्राकूव नगरपालिकेने नवे नाट्यगृह बांधण्यासाठी पवित्र आत्म्याच्या नावाचे मध्ययुगीन रुग्णालय व चर्च पाडण्याचा निर्णय अमलात आणला. मातेयकोने निकराने विरोध केला. तो मानला गेला नाही, तेव्हा त्याने शहराचे सन्माननीय नागरिकत्व परत केले आणि यापुढे या शहरात आपले चित्र प्रदर्शित करणार नाही असे जाहीर केले. जुन्या भिंती पडल्या. नाट्यगृह १८९३ च्या ऑक्टोबरात उघडले आणि त्यानंतर काही दिवसांतच मातेयको वारला. ‘लग्न’चा पहिला प्रयोग झाला तो याच नाट्यगृहात. ज्या जागेसाठी तो हरला, त्याच जागेवर त्याचा स्तान्चिक बोलू लागला.

मराठी भाषकांचा पोलंडशी एक प्रत्यक्ष संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्याच युद्धात ‘ग्रुनवाल्ड’चा शोध जर्मन सत्ताधारी घेत होते. ते शोधून देणाऱ्यास मोठे बक्षीस जाहीर झाले होते, आणि लुब्लिन येथे ते गुंडाळून जमिनीखाली लपविण्यात आले होते. ज्यांना जागा ठाऊक होती त्यांनी ती सांगितली नाही. पंचगंगेच्या काठी काही हजार पोलिश माणसे आपल्या देशापासून दूर दिवस काढीत होती, त्याच वेळी त्यांच्या देशातले सर्वांत मोठे चित्र मातीत निजले होते. चित्राला राष्ट्राने इतके जिवापाड का जपावे, हे कलाशास्त्राच्या परिभाषेत मला सांगता येणार नाही. पण एखाद्या भाषेतले लोक आपली पोथी पुरून ठेवतात, तसाच हा प्रकार आहे एवढे दिसते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? मातेयकोने काढलेल्या ४४ राजांपैकी प्रारंभीच्या कित्येकांचे खरे रूप कोणालाच ठाऊक नाही, तरीही पिढ्यान्‌पिढ्या पोलिश मुलांनी शाळेच्या पुस्तकांत तेच चेहरे पाहिले. आता त्या राजांना दुसरा चेहरा उरलेला नाही. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातून रविवर्म्याची चित्रे घरोघर गेली आणि देवदेवतांना, पुराणातल्या स्त्रियांना असेच चेहरे मिळाले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याच्या मनात जे गड, जे दरबार आणि जी माणसे उभी राहिली, ती केवळ शब्दांनी उभी राहिली असे मानण्यास मी तयार नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा उगम शोधताना आपण स्कॉटपर्यंत जातो, बखरींपर्यंत जातो, आणि भिंतीवरच्या छापील चित्रापाशी मात्र थांबत नाही. ते काम प्रत्येक भारतीय भाषेत व्हावयाचे आहे, आणि ते चित्रकलेच्या इतिहासकारांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाची सुटका होणार नाही.

परंतु त्याहून महत्त्वाचे मला दुसरे वाटते. ऐतिहासिक कलाकृतीसमोर आपण दोन प्रकारे उभे राहतो. एक तर चुका मोजणाऱ्या कारकुनासारखे, किंवा हात जोडलेल्या भक्तासारखे. कारकुनाला १५१४ आणि १५१८ मधले अंतर दिसते, विदूषकाचा चेहरा दिसत नाही. भक्ताला ग्रुनवाल्डचा विजय दिसतो, त्याला मांडलिकत्वाच्या सोहळ्यातील पायऱ्यांवर बसलेला खिन्न माणूस दिसत नाही. दोघांच्याही दृष्टीतून एकच गोष्ट निसटते : हे चित्र काढणारा त्यात कोठे उभा आहे? ऐतिहासिक कादंबरी वाचताना, नाटक पाहताना हा प्रश्न विचारून पाहावा. लेखकाने आपला चेहरा कोणाला दिला आहे? सिंहासनावरच्याला, की ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या कृतीची नैतिक उंची बरीच कळते, आणि ती कृती ज्या समाजाने डोक्यावर घेतली त्या समाजाचीही.

१८९२ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मातेयकोने आपले व्यक्तिचित्र काढले. त्यात ना विदूषकाचा पोशाख आहे ना गुन्हेगाराचा खांब. खुर्चीत बसलेला, थकलेला, चष्मा घालणारा एक मनुष्य. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर चढवलेला चेहरा अखेर त्याने स्वतःच्या अंगावर परत घेतला. तीस वर्षांपूर्वीच्या स्तान्चिकशेजारी ते ठेवून पाहिले, तर डोळ्यांतली खिन्नता तीच आहे असे ध्यानात येते. ती वार्ता त्याने वयाच्या चोविसाव्या वर्षी वाचली होती आणि ते पत्र त्याने कधी खाली ठेवले नाही.